हिंदू कॉलनीतली सावली कुठून आली?

दादर पूर्वेला आमच्या हिंदू कॉलनीत पहिल्यांदा येणारा पाहुणा ठरलेली तीन वाक्यं बोलतो. "अगबाई, केवढी झाडं!" मग, "स्टेशनपासून दहा मिनिटांवर इतकी शांतता?" आणि चहा पिता पिता, "तुम्ही नशीबवान आहात हो." मी १९७४ साली लग्न होऊन चिपळूणहून इथे आले. तेव्हापासून ही तीन वाक्यं ऐकते आहे. पहिल्या दोन वाक्यांना मी मान डोलावते. तिसऱ्याशी मात्र माझं जमत नाही. मी परळच्या मराठी शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवला. एखाद्या मुलाने उत्तरपत्रिकेत कारण म्हणून "नशीब" लिहिलं की मी अर्धा मार्क कापायची! तेव्हा आज जरा कारणं शोधू या.

दीडशे वर्षांपूर्वी इथे कॉलनी वगैरे काही नव्हतं. दादर-माटुंगा म्हणजे भातखाचरं, नारळाच्या वाड्या, पलीकडे वडाळ्याकडे मिठागरं आणि मधे मधे आगरी, कोळी, भंडाऱ्यांची छोटी गावं. शहर तिकडे दक्षिणेला, कोटात आणि गिरगाव-मांडवीत. शहराला जे डोळ्यांसमोर नको असे ते इकडे पाठवायची पद्धत होती. महारोग्यांसाठी मोठं आश्रयस्थान १८९० साली इथेच, माटुंग्याच्या माळावर उभं राहिलं. आजचं वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ रुग्णालय ते हेच. (जाता जाता: हे अ‍ॅकवर्थसाहेब म्युनिसिपल कमिशनर, पण मराठी पोवाड्यांचे मोठे रसिक. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर त्यांनी १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला. आपल्या कितीतरी शाहिरांचे शब्द त्यामुळे टिकले. असो.)

मग १८९६ साल उजाडलं. सप्टेंबरमध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी एका रोग्याला तपासून सांगितलं, हा गाठीचा प्लेग आहे. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून गावाकडे पळाली. जी राहिली त्यांच्या घरात सोजीर शिरले, भिंती धुतल्या, छपरं काढली, माणसं छावण्यांत नेली. पुण्यात या जुलमातून १८९७ साली काय घडलं ते मराठी माणसाला सांगायला नको. मुंबईत जी घरं राहायला नालायक ठरली त्यांच्या भिंतीवर यू.एच.एच. ही अक्षरं रंगवत. आपल्या दारावर अशी अक्षरं दिसल्यावर घरातल्या बाईला काय वाटत असेल!

सरकारला आणि व्यापाऱ्यांना भीती पडली की हे बंदर आता बसणार. त्या भीतीतून १८९८ साली कायदा झाला आणि 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' जन्माला आला. त्याचं काम दोन तऱ्हेचं. गर्दीच्या वस्त्या पाडून त्यांतून रुंद रस्ते काढायचे. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे त्यातले. आणि उत्तरेला मोकळ्या जमिनी घेऊन तिथे आखीव वस्त्या वसवायच्या. दादर-माटुंगा, शीव-माटुंगा, शिवडी-वडाळा या त्या योजना. भातखाचरं सरकारी अधिकाराने घेतली, भराव घातला, रस्ते आणि गटारं आखली आणि प्लॉट पाडून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. आमची कॉलनी त्या आखणीतली. आज "गल्ली नंबर दोन", "गल्ली नंबर चार" असे रुक्ष पत्ते आम्ही सांगतो, तेही त्या आखणीला शोभतातच!

यात एक गंमत आहे. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ सालीच कराचीत दाखवून दिलं होतं, पण ते सर्वमान्य व्हायला पुढे जवळजवळ दहा वर्षं गेली. तोवर साहेबांचा सगळा भर अंधारावर आणि कोंदट हवेवर. घरात ऊन आणि वारा आला की रोग जाईल, ही त्यांची श्रद्धा. म्हणजे औषध भलत्याच दुखण्यावर चाललं होतं. पण त्या औषधाने माझ्या सासऱ्यांच्या पिढीला मुंबईत पहिल्यांदा खिडकीतून ऊन दिलं, हेही खरंच.

ही श्रद्धा नुसती भाषणात राहिली नाही, तिचं गणित झालं. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी एक नियम लावून धरला: साडेत्रेसष्ट अंशांचा. तळमजल्याच्या खोलीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ काढा. ती जमिनीशी ६३½ अंशांपेक्षा जास्त कोन करता कामा नये. दहावीचं त्रिकोणमिती आठवतंय ना? या कोनाचा टॅन जवळपास दोन येतो. म्हणजे समोरची इमारत जेवढी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा मधे हवी. चाळीस फुटी इमारत असेल तर वीस फूट. बस्स, एवढंच. आमच्या इमारती तीन मजली का, दोन इमारतींच्या मधे आंब्याला फांदी पसरायला जागा का, सकाळी नऊ वाजता माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर ऊन का येतं, या सगळ्याचं उत्तर त्या एका कोनात आहे. जागा सुटली म्हणून झाडं लागली, आणि झाडं लागली म्हणून सावली आली.

झाडं लावण्याचं मोठं श्रेय शेजारच्या पारशी कॉलनीला द्यायला हवं. मंचेरजी एदलजी जोशी नावाचे पारशी अभियंते ट्रस्टच्या नोकरीत होते. मध्यमवर्गीय पारशांसाठी त्यांनी १०३ प्लॉट राखून घेतले. प्रत्येक रस्त्याला वेगळ्या जातीची झाडं हवीत असा त्यांचा हट्ट होता, असं तिथले जुने लोक सांगतात. फाइव्ह गार्डन्सला आज त्यांचंच नाव आहे, त्यांचा पुतळाही कॉलनीत आहे. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. आमच्या इकडची बहुतेक डेरेदार झाडं परदेशी! वर्षावृक्ष दक्षिण अमेरिकेचा, गुलमोहर मादागास्करचा, महोगनी वेस्ट इंडीजकडची. माणसंही तशीच. कोकणातले, देशावरचे, गुजरातेतले आम्ही हिंदू कॉलनीत. तमिळ, कन्नड आणि मल्याळी मंडळी किंग्ज सर्कलच्या बाजूला. मूळचा इथला असा कोण? ज्यांची भातखाचरं गेली ते. त्यांच्या नावाची गल्ली काही माझ्या पाहण्यात नाही.

पहिल्या महायुद्धात काम रखडलं. १९२० नंतर मात्र भराभर इमारती उठल्या. चालत जाता येईल अशा अंतरात शाळा-कॉलेजं आली. व्ही.जे.टी.आय. १९२३ साली भायखळ्याहून माटुंग्याला आली, साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी १९३२ साली निघाली, रुइया कॉलेज १९३७ साली, पोदार १९४१ साली. किंग जॉर्ज शाळा, जिचं पुढे राजा शिवाजी विद्यालय झालं, ती तर आमच्या मुलांची. दादरपर्यंत ट्राम यायची. ३१ मार्च १९६४ ला मुंबईची शेवटची ट्राम धावली ती बोरीबंदर ते दादर. आमचे 'हे' ती बघायला गर्दीत उभे होते. ट्राम गेली तरी 'दादर टी.टी.' हे नाव मागे राहिलं. त्यातला 'टी' कशाचा, हे आज कंडक्टरलाही सांगता येत नाही.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. आता दुसरी बाजू.

ट्रस्टने गर्दीच्या वस्त्या पाडल्या त्या गरिबांच्या. पहिल्या वीसेक वर्षांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. हिशेब असा मांडला होता की थोडी बरी स्थिती असलेली माणसं उत्तरेला गेली की त्यांच्या शहरातल्या खोल्या गरिबांना मोकळ्या होतील. प्रत्यक्षात उठवलेली माणसं शेजारच्या गल्लीतच आणखी दाटीने राहिली. दादर-माटुंग्याच्या ब्लॉकचं भाडं गिरणी कामगाराला परवडणारं नव्हतंच. ते परवडलं कारकुनाला, शिक्षकाला, वकिलाला, डॉक्टरला.

कामगारांसाठी ट्रस्टने काहीच बांधलं नाही असंही नाही. बी.आय.टी. चाळी बांधल्या. बी.आय.टी. म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, हे कित्येकांना ठाऊक नसतं. परळच्या चाळीतली मुलं माझ्या वर्गात असत. १९८२ च्या संपात त्यांतली काही वर्गातून गळाली, तेव्हा घरी जाऊन आई-बापांशी बोलायला मी त्या चाळींचे जिने चढले आहे. लांबच लांब व्हरांडा, ओळीने खोल्या, एका खोलीत सात-आठ माणसं, टोकाला सार्वजनिक नळ आणि संडास. संध्याकाळी दादरला परत आलं की आमचा दोन खोल्यांचा ब्लॉक मला राजवाडा वाटायचा. दोन्ही एकाच ट्रस्टच्या आखणीतले! एकाच हाताने एकीकडे व्हरांडा काढला आणि दुसरीकडे बाल्कनी.

आणि या दोन्ही घरांमधून गेलेला एक माणूस आपल्या इतिहासात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या पोयबावडीला बी.आय.टी. चाळीत वीसहून अधिक वर्षं राहिले. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेऊन आलेला माणूस, महाडच्या सत्याग्रहाचा नेता, त्या दोन खोल्यांत राहत होता. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आमच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधलं. नाव प्राचीन मगधाच्या राजधानीचं. ते घर मुख्यतः पुस्तकांसाठी होतं. पन्नास हजारांहून अधिक ग्रंथ तिथे जमले. रमाबाईंची बरीचशी हयात चाळीत गेली. राजगृहात त्यांना थोडाच काळ मिळाला, २७ मे १९३५ ला त्या तिथेच गेल्या. मी बाजारातून येताना कधी कधी मुद्दाम वाट वाकडी करून त्या घरावरून येते. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला आलेली माणसं इकडेही येतात. त्या दिवशी आमच्या कॉलनीतली काही दारं बंद असतात आणि काही दारांत पाण्याचे पिंप ठेवलेले असतात. दोन्ही मी पाहिलं आहे.

आता आमच्या इमारतीच्या मागच्या बाजूला चला. तिथे लोखंडी गोल जिना आहे, गंजलेला. त्या काळच्या मुंबईच्या पुष्कळ इमारतींना तो दिसेल. पाहुणे म्हणतात, "वा, किती छान! जुन्या इंग्रजी सिनेमातला वाटतो." हा जिना कशासाठी? घरातच संडास असणं ही तेव्हा नवी गोष्ट होती. चाळीत तो टोकाला असे. ब्लॉकमध्ये तो घरात आला, आणि सोवळं-ओवळं पाळणाऱ्या माणसांपुढे पेच पडला. सफाई करणारा माणूस घरातून कसा येणार? म्हणून मागून वेगळा जिना आणि मागून वेगळं दार. त्याने तिथून वर यायचं, साफ करायचं आणि तिथूनच उतरायचं. पुढच्या जिन्याला त्याचा पाय लागायचा नाही. त्या जिन्याला जातीचंच नाव होतं. ते मी इथे लिहीत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हाही सफाईला येणाऱ्या बाई तिथूनच येत, आणि सासूबाई त्यांना पाणी वरून ओतून देत. ऊन आणि वाऱ्यासाठी कोन मोजणाऱ्या आराखड्यात जातीचाही कोन असा व्यवस्थित मोजलेला होता. ज्या कॉलनीत राजगृह आहे, त्याच कॉलनीत हे जिने.

तर मग ही वस्ती "नशिबाने" मिळाली म्हणायचं का? आम्हाला जे मिळालं ते प्लेगच्या भीतीने, दुसऱ्याच्या जमिनीवर, सरकारी नियमाने मिळालं. टिकलं तेही कायद्याने. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं प्रमाण धरलं, म्हणून आमच्यासारखी शिक्षकाची कुटुंबं इथे तग धरू शकली. आमचं मूळ भाडं आजही तीन आकडी आहे. आजूबाजूला मात्र जागेचे भाव कोटींत. आमच्या इमारतीत निम्मी माणसं कागदावर कोट्यधीश आणि प्रत्यक्षात पेन्शनर आहेत! घरमालकाचं यात नुकसान झालं, त्याने दुरुस्ती टाळली आणि म्हणून गॅलरीचे टेकू वाढत गेले. तीही गोष्ट एकतर्फी नाही.

हे सगळं आजच लिहायला बसले त्याला कारण आहे. आमची इमारत पुनर्विकासाला जाते आहे. बिल्डरने भाडेकरूंची सभा घेतली, नकाशे दाखवले, सहीसाठी कागद दिले. मी पुनर्विकासाच्या विरुद्ध नाही. तिसऱ्या मजल्याचे चौपन्न जिने-पायऱ्या माझ्या गुडघ्यांना आता जमत नाहीत, पावसाळ्यात छत गळतं, आणि मुलाला स्वतःच्या नावावर घर हवं आहे. त्यात चूक काय? पण नकाशा मी पूर्ण वाचला. सवय आहे, पेपर पूर्ण वाचल्याशिवाय सही करायची नाही.

तेवीस मजले आहेत. अदमासे दोनशे चाळीस फूट धरू. ऑरसाहेबांच्या कोनाने शेजारच्या इमारतीपर्यंत एकशेवीस फूट सुटायला हवेत. नकाशात वीस-बावीस आहेत. आजच्या नियमांत ते बसतं म्हणे, आणि बसतही असेल. खाली गाड्यांसाठी पोडियम, त्याच्याखाली तळघर. मुळांना माती उरत नाही. आवारात मी मोजली तर आठ मोठी झाडं आहेत, त्यातली तीन पन्नाशीच्या नक्कीच पुढची, कारण मी आले तेव्हाच ती दुसऱ्या मजल्याला लागली होती. १९७५ चा झाडांचा कायदा २०२१ मध्ये बदलला तेव्हा पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष मानलं गेलं, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची असंही त्यात आलं. पण ती लावणार कुठे? कुठेतरी लांब. ज्याची सावली गेली त्याला ती परत मिळत नाही. शंभर वर्षांपूर्वी पाडापाडीचा हिशेबही असाच होता, पाडायचं इथे आणि बांधायचं तिथे. फरक इतकाच की या वेळी पाडलं जाणारं आमचं आहे, आणि आम्हाला निदान त्याच जागी घर मिळतं आहे. तेव्हाच्यांना तेही मिळालं नाही.

नकाशात आणखी एक गोष्ट दिसली. रहिवाशांसाठी तीन लिफ्ट पुढे, आणि मागच्या कोपऱ्यात एक सर्व्हिस लिफ्ट. मी विचारलं, "ही कोणासाठी?" उत्तर आलं, "आजी, सामान, कचरा आणि घरकामाच्या बायकांसाठी." सामान आणि कचऱ्याचं मला पटलं. तिसऱ्याचं पटलं नाही. मला तो गंजलेला गोल जिनाच दिसायला लागला. माझ्याकडे सतरा वर्षं येणाऱ्या बाईंनी माझ्या आजारपणात मला आंघोळ घातली आहे. त्यांनी कचऱ्याबरोबर वर यायचं? सभेत कोणी हसलं नाही, पण कोणी बोललंही नाही. आर्किटेक्ट म्हणाले, हल्ली सगळीकडे असंच असतं. तो जिना बांधणाराही तेव्हा हेच म्हणाला असेल.

मी संमतीपत्रावर सही केली आहे. सोबत एक पानाचं पत्र जोडलं आहे, मराठीत, सुवाच्य अक्षरात. त्यात दोनच मागण्या आहेत. पहिली, रस्त्याच्या बाजूची तीन जुनी झाडं जागेवर राहतील असं तळघर आखावं. दोन गाड्यांची जागा कमी झाली तर चालेल. दुसरी, माणसांच्या ये-जा करण्यावर कोणत्याही लिफ्टमध्ये बंधन नसेल असं करारातच लिहावं. आमच्या एकोणीस भाडेकरूंपैकी आतापर्यंत सात जणांनी त्या पत्रावर सह्या केल्या आहेत. तळमजल्याचे काका म्हणाले, "बाई, झाडांचं ठीक आहे, लिफ्टचं कशाला?" त्यांना मी हाच इतिहास सांगितला, थोडक्यात. ते "बघू" म्हणाले. पुढची सभा येत्या रविवारी आहे. तोपर्यंत आणखी तीन दारं वाजवायची आहेत.

वाचणाऱ्यांपैकी जे अशाच झाडांच्या वस्तीत राहतात, मग ते प्रभात रोडवर असोत, पार्ल्यात असोत की परदेशात, त्यांना एक गृहपाठ. आपली गल्ली कोणत्या साली आखली, त्याआधी त्या जमिनीवर कोण होतं आणि आपल्या इमारतीत मागचा जिना कोणासाठी होता, एवढं विचारून बघा. घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर विचारा. आणि मला जरूर कळवा.